जसोदाबाईंचे पान

शहाद्यात गाद्या-रजया भरून देणारी जी मोजकी दुकाने अजून टिकून आहेत, त्यांपैकी एक फकीर मन्सुरी यांचे. दुकान म्हणजे पत्र्याचे छप्पर, पिंजण्याचे यंत्र, आणि कापसाचे तंतू बसून पांढरट झालेला एक टेबलफॅन. चाचांच्या भुवयांवरही कायम तेच तंतू असतात. ते एकसष्ट वर्षांचे आहेत. पण पहिल्यांदा पाहणारा त्या भुवयांमुळे त्यांचे वय दहा वर्षांनी अधिक धरतो.

मी त्यांना ओळखतो तो दुकानामुळे नव्हे. आमचे गाव कोरीट. माझ्या लहानपणी कापूस वेचून झाला की फकीरचाचा खांद्यावर कापूस पिंजायची धनुकली घेऊन आमच्या अंगणात येत. वडील घरच्या वापरासाठी राखून ठेवलेला कापूस त्यांच्यापुढे ओतत आणि दोन दिवस अंगणात धनुकलीच्या तातीचा एकसुरी आवाज चाले. दुपारी जेवण झाले की चाचा आमच्याकडचे वर्तमानपत्र मागून घेत आणि जाहिरातींसकट वाचून काढत. ते बी.ए.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत शिकलेले आहेत, हे मला फार उशिरा कळले. वडिलांच्या आजारपणात त्यांचे शिक्षण सुटले. वाचण्याची आणि लिहिण्याची ओढ मात्र सुटली नाही.

पिंजाऱ्याच्या हाती जुनी गादी येते तेव्हा तिच्यासोबत घरातले बरेच काही येते. बायका गादीत वस्तू लपवतात. उशाकडची शिवण दोन बोटे उसवायची, वस्तू आत सरकवायची आणि पुन्हा टाका घालायचा. चाचांना गाद्यांमध्ये दुधाचे दात सापडले आहेत, माहेरची पत्रे सापडली आहेत, एकदा तर एका नवऱ्याने वर्षभर शोधलेली कपाटाची किल्ली सापडली. अशा वस्तूंबाबत त्यांच्या वडिलांपासून चालत आलेला एक दंडक आहे. वस्तू घरातल्या बाईच्याच हाती द्यायची, पुरुष समोर नसताना द्यायची, आणि कागद असेल तर वाचायचा नाही.

अडचण येई ती लिलावातल्या किंवा भंगारातून आलेल्या गाद्यांची. त्यांतल्या वस्तू कोणाला द्यायच्या? त्यासाठी चाचांनी २०१४ साली इंटरनेटवर स्वतःचा ब्लॉग सुरू केला. सापडलेल्या वस्तूचा फोटो, गादी कुठून आली त्याचे चार शब्द, आणि वाचणाऱ्याला त्या घरात नेऊन बसवणारी एखादी आठवण. लिहिताना ते प्रमाण मराठी लिहीत, स्वच्छ आणि थोडे जुन्या वळणाचे. मात्र वस्तूची एक खूण ते मुद्दाम लिहीत नसत. ती खूण जो सांगेल तो धनी. म्हणून वाचकांचे प्रतिसाद आधी त्यांच्याकडे येत आणि त्यांनी मंजुरी दिली तरच पानावर दिसत. अकरा वर्षांत सतरा वस्तू अशा रीतीने आपापल्या घरी गेल्या.

त्यांच्या पत्नी अख्तरबानो या सगळ्याला ‘गादियों का दफ्तर’ म्हणत. “दूसरों की चीजें ढूंढ ढूंढ के देते हो,” त्या ऐकवत, “घर का बिजली का बिल कहाँ रखा, वो याद है?”

सुरुवातीला हा ब्लॉग एका फुकट सेवेवर होता. मग तरुण नावाच्या मुलाने तो चाचांच्या नावाच्या स्वतंत्र पत्त्यावर आणून दिला. तरुण हा कापडाचे व्यापारी इंदरमलशेठ यांचा मुलगा. बसस्टँडजवळ त्याचे कॉम्प्युटर आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचे दुकान होते. इंदरमलशेठच्या घरातल्या तीन लग्नांच्या गाद्या चाचांनी भरलेल्या. त्यामुळे कागद, सही, करार असले काही झाले नाही. इंटरनेटवरची नावाची पाटी, म्हणजे डोमेन, कोणाच्या नावे घेतली आणि सामान ठेवण्याची जागा कोणाच्या नावे, हे चाचांनी विचारले नाही. तरुणनेही सांगितले नाही. वर्षातून एकदा चाचा दुकानात जाऊन ठरलेली रक्कम देत, चहा पीत आणि परत येत.

आमच्या भागात हे जगावेगळे नाही. फॉर्म कोणताही असो, शिष्यवृत्तीचा वा पीकविम्याचा, मोबाइल नंबरच्या चौकटीत दुकानदार स्वतःचा नंबर टाकतो. गिऱ्हाइकाचा फोन कधी बंद असतो, कधी मुलाकडे असतो, कधी त्याला संदेश वाचता येत नाही. ओटीपी आपल्याच फोनवर आला की काम लवकर उरकते. दोघांनाही ते सोयीचे वाटते. कित्येक माणसांची सरकारदरबारची ओळख अशी एकेका दुकानदाराच्या खिशात फिरत असते.

आता जसोदाबाई.

त्या शहाद्याजवळच्या प्रकाशा गावच्या. विधवा, साठीच्या पुढच्या, सातवीपर्यंत शिकलेल्या. तालुक्यातल्या एका खाजगी मुलींच्या वसतिगृहात त्या स्वयंपाकीण होत्या. त्याआधी आणि त्यासोबत गावात त्यांचा वेगळा मान होता. मंदिराजवळच्या चैत्रातल्या भंडाऱ्याला दोन हजार माणसांच्या भाजीत मीठ किती घालायचे, हे त्यांच्या हातावर सोडलेले असे. २०१३ मध्ये वसतिगृहातल्या एका मुलीचा चांदीचा तोडा नाहीसा झाला. जोडीतला एक. खोल्यांमध्ये ये-जा असणारी बाहेरची बाई एकच होती. चौकशी झाली, हाती काही लागले नाही, आणि काही न लागताच जसोदाबाईंना घरी पाठवले गेले. बातमी त्यांच्या आधी प्रकाशाला पोहोचली. त्या वर्षीच्या भंडाऱ्यात त्यांना कोणी नको म्हटले नाही; फक्त बोलावले नाही. नंतरही बोलावले नाही.

पुढे ते वसतिगृह बंद पडले. २०२४ च्या पावसाळ्याआधी तिथल्या बावीस गाद्या एका भंगारवाल्याकडून चाचांच्या दुकानात आल्या. त्यांतल्या एका गादीच्या उशाकडच्या शिवणीत, कापसाच्या दोन थरांमध्ये, चिंधीत गुंडाळलेला चांदीचा तोडा होता.

चाचांनी नेहमीप्रमाणे फोटोसह लिहिले, आणि एक खूण ठेवून घेतली: तोड्याची एक कडी तुटलेली होती व ती तांब्याच्या बारीक तारेने जोडलेली होती. फोटो त्यांनी त्या बाजूने काढलाच नाही.

दीड महिन्याने मंजुरीसाठी एक प्रतिसाद आला. फोनशी बोलून टाइप केलेला, विरामचिन्हांशिवाय. त्यात लिहिले होते की हा तोडा माझा नाही पण याच्या चोरीचा आळ माझ्यावर आहे आणि याची एक कडी तांब्याच्या तारेची आहे कारण चौकशीत ती पोरगी चार वेळा रडून तेच सांगत होती आणि मी समोर उभी होते. खाली नाव आणि फोन नंबर.

चाचांनी त्याच दिवशी फोन केला. जसोदाबाईंनी मुलीचे आणि तिच्या पाड्याचे नाव सांगितले. धडगावकडे जीप चालवणाऱ्या डोंगरसिंगच्या हाती निरोप गेला. दहा दिवसांनी मुलीचे वडील, दिवाल्या, डोंगरातून खाली आले, तांब्याच्या तारेवरून अंगठा फिरवला, तोडा कमरेच्या कापडात बांधला. मुलगी सासरी होती, मध्य प्रदेशात. “तिनेच ठेवला असेल, मग गाद्या बदलल्या असतील,” एवढे ते म्हणाले आणि चारच्या गाडीने परत गेले.

त्यानंतर जसोदाबाई स्वतः दुकानात आल्या. त्यांना तोडा नको होता, भरपाई नको होती.

“फकीरभाऊ, तुम्ही फक्त इतलं लिखा,” त्या आमच्या बोलीत म्हणाल्या. “कोणता वसतिगृहनी गादी, कोणतं साल, अन् तोडा शिवणमा व्हता. मन्हं नाव लिखा. लपाडू नका.”

चाचांनी १४ ऑगस्टला त्या पानावर नऊ ओळींची भर घातली. तोडा गादीबाहेर कधी गेलाच नव्हता, आणि जसोदाबाईंवरचा आळ खोटा होता, असे त्यांनी स्वतःच्या नावानिशी लिहिले. जसोदाबाईंनी ते पान आपल्या फोनच्या पहिल्या पडद्यावर ठेवून घेतले. तोडा डोंगरात गेला होता, गाद्या पुन्हा पिंजून विकल्या गेल्या होत्या, वसतिगृहाला कुलूप होते. जगात त्यांच्या बाजूने बोलणारी वस्तू उरली होती ती एवढीच.

त्यांनी घाई केली नाही. भंडाऱ्याची बैठक फाल्गुनात होते, तिची वाट पाहिली. या वर्षी, २०२५ मध्ये, त्या बैठकीला गेल्या, फोन पुढे केला आणि म्हणाल्या, “वाचा.”

पान उघडले. पडद्यावर पत्त्यांचे चित्र होते आणि नाचती अक्षरे: खेळा आणि दुप्पट जिंका.

बैठकीत त्यांचे जेठ, म्हणजे थोरले दीर, दोधू बसलेले होते. दोघांचे अंगण एकच आहे आणि अबोला जुना आहे. ते म्हणाले, “वा! इतला दिन बाई सांगे, इंटरनेटवर मन्हं नाव शे. शे ना भो, जुगारना पानवर शे.”

माणसे हसली. जसोदाबाईंनी घडलेले सगळे सांगण्याचा प्रयत्न केला, तांब्याच्या तारेपर्यंत आल्या, आणि तिथे दोधूंनी पुन्हा अडवले. “चोरी नही कयी तं आतली खूण तुले कशी मालूम?”

त्या फोन घेऊन घरी गेल्या. चाचांना फोन करून त्यांनी विचारले ते एकच.

“फकीरभाऊ, तुम्ही ते काढी टाकं का? कोणी दाब दिन्हा का तुमले?”

चाचा सांगतात की आयुष्यात कोणी शिवी दिली तरी त्यांना इतके लागले नसते.

हिवाळ्यातल्या गाद्यांच्या हंगामात त्यांनी ब्लॉग उघडलाच नव्हता. ते तसेच उठून बसस्टँडकडे गेले. तरुणच्या दुकानाच्या जागी मोबाइलची कव्हरे टांगलेली होती. इंदरमलशेठ पेढीवर भेटले. मुलगा आठ महिन्यांपासून सुरतेला कापड मार्केटमध्ये आहे, तो धंदा इथे चालला नाही, असे सांगून त्यांनी नवा नंबर लावून दिला.

“चाचा, क्या बताऊँ,” तरुण फोनवर म्हणाला. त्याच्या आवाजात लबाडी नव्हती, लाज होती. “सबका मेरे ही नंबर पे डाला था. तुम्हारा, क्लासवालों का, मंगल कार्यालयवालों का. वो सिम तो मैंने बंद कर दिया. पैसे भरने के मेसेज उसी पे आए होंगे.”

“और सामान? मेरा लिखा हुआ?”

“एक बड़ी जगह ली थी, चालीस लोगों में बाँटी थी. वो पूरी गई, चाचा.”

“नकल?”

तरुण म्हणाला, “नकल भी उसी जगह रखी थी.”

त्या संध्याकाळी मला पुण्यात चाचांचा फोन आला; ते मला अजून वडिलांच्या नावानेच हाक मारतात. “चुडामणना पोऱ्या, मन्हं पान गयं.”

“कुठं गेलं, चाचा?”

“ते माले मालूम ऱ्हातं तं तुले फोन कसाले करतू?”

मी संगणकाच्या धंद्यातला माणूस नाही. पुण्यात एका ग्रंथालयात नोकरी करतो, आणि तिथले संकेतस्थळ माझ्याकडे असते म्हणून चार गोष्टी ठाऊक आहेत. मी जे शोधून काढले ते चाचांच्या भीतीपेक्षा वाईट होते. नावाची मुदत संपल्यावर ते नाव बाजारात आले आणि कोणा अनोळखी माणसाने उचलले. जुनी पाने शोधत येणारी माणसे त्याला आयती मिळाली. आता ते परत मिळणार नव्हते. जुन्या पानांच्या प्रती साठवणाऱ्या एका ठिकाणी चाचांचे २०२१ चे मुखपृष्ठ सापडले. तोड्याचे पान तिथे नव्हते. मूळ फोटो चाचांच्या फोनमध्ये असेल, अशी मला आशा होती.

“साइटवर चढं की फोनमाईन पुसी टाकस मी,” ते म्हणाले. “जागा भरी जास ना.”

भंडाऱ्याला बावीस दिवस होते. मी दोन दिवसांची रजा काढून शहाद्याला गेलो.

दुकानात पिंजण बंद ठेवून आम्ही दोघे गादीवर बसलो. चाचांची मुलगी गजाला नंदुरबारच्या एका शाळेत शिकवते. तीही रविवार म्हणून आली होती. मी सुचवले की पुन्हा फुकट सेवेवर जावे, तिथे मुदत संपण्याची भानगड नसते.

“अन् उद्या तेस्नी बंद कयं तं?” चाचांनी विचारले. “फुकटना धनी कोण? कोणना दारशी जाईसन बसू?”

फुकट सेवेचा विषय मी सोडून दिला. मग आम्ही होस्टिंग, म्हणजे ब्लॉगसाठी भाड्याने जागा, देणाऱ्या कंपन्यांना एकेक करून फोन लावू लागलो. दर मी काढून ठेवले होते, पण चाचांनी तो कागद उलटा करून ठेवला. कापूस घेताना ते आधी मूठ आत घालतात; वरचा थर सगळ्यांचाच चांगला असतो, असे त्यांचे म्हणणे. फोनवरही त्यांनी तसेच केले. माणूस बोलायला आला की ते शुद्ध मराठीत, शाळेतल्यासारखे खणखणीत आवाजात विचारत: “समजा, उद्या मला तुमच्याकडून निघायचे आहे. तर माझे सगळे सामान माझ्या हाती कसे द्याल?”

पहिल्या ठिकाणी माणूस आलाच नाही; यंत्राने आम्हाला नऊ मिनिटे आकडे दाबायला लावले. दुसऱ्या ठिकाणची मुलगी फार गोड बोलली. जागा अमर्यादित आहे, वेग अमर्यादित आहे, भेटी अमर्यादित आहेत.

“बेटी, अमर्यादित म्हणजे किती?” चाचांनी विचारले.

“सर, म्हणजे लिमिटच नाही.”

“मग तुमच्याकडे चाळीस नाही, चाळीस हजार माणसे एका खोलीत असतील.”

तिने हसून वरिष्ठांना विचारते म्हणून सांगितले. वरिष्ठ आले नाहीत. तिसऱ्याने निघण्याच्या प्रश्नावर ‘तुम्ही निघणारच नाही, सर’ असे उत्तर दिले. चाचांनी सलाम म्हणून फोन ठेवला. “जे दुकान परत घेवानी गोष्टच करत नही, तठे गादी लेवानी नही,” ते मला म्हणाले. चौथ्याकडे निघताना वेगळे शुल्क होते, पाचव्याकडे फोनच नव्हता, नुसती पत्रे.

दुपार कलली होती. गजालाने सहावा नंबर लावला. नाशिकची लहान कंपनी, तीन माणसांची. मालकानेच फोन उचलला. मागे कुकरची शिट्टी ऐकू आली.

चाचांनी प्रश्न विचारला. तो माणूस म्हणाला, “एक बटण आहे, ते तुम्हीच दाबायचे. सगळी एकच फाइल होऊन तुमच्याकडे येते. मला विचारायचीही गरज नाही.”

“आणि तुमच्याकडे बिघाड होत नाही?”

“होतो. गेल्या महिन्यात चार तास बंद होतो. माझीच चूक होती. मी चौदा दिवसांच्या प्रती वेगळ्या शहरात ठेवतो, पण काका, माझ्यावर विसंबू नका. महिन्यातून एक प्रत घरी उतरवून ठेवत जा.”

चाचांनी फोनवर हात ठेवला आणि आमच्याकडे पाहिले. “हाऊ,” ते म्हणाले. म्हणजे हाच.

“का?” मी विचारले.

“हाऊ सोतानी खोट सोता सांगस.”

नाव घेताना आणि जागा घेताना प्रत्येक चौकटीत काय लिहिले जाते ते त्यांनी मला मोठ्याने वाचायला लावले. धनी: फकीर मन्सुरी. फोन: त्यांचा. दुसरा फोन: गजालाचा. पहिला ओटीपी आला तेव्हा त्यांनी तो मला सांगितला नाही. फोन माझ्या हातून घेतला आणि स्वतः, एका बोटाने, सहा आकडे टाकले. अख्तरबानो चहा घेऊन आल्या होत्या. “ग्यारह साल बाद मियाँ को चाबी मिली,” त्या म्हणाल्या. कप ठेवून त्या गेल्या.

आता पान लिहायचे होते. चाचांना १४ ऑगस्टच्या नऊ ओळी जवळपास पाठ होत्या. फोटो नव्हताच, पण गादीचा तो निळ्या पट्ट्यांचा अभ्रा त्यांनी ठेवून दिला होता. त्याच्या उसवलेल्या शिवणीचा फोटो घेतला. सगळे चढवून झाल्यावर मला पडद्याच्या कडेला तारखेची चौकट दिसली. ती बदलता येते, हे मला माहीत होते.

मी म्हणालो, “चाचा, इथे चौदा ऑगस्ट टाकता येईल. खोटे नाही ते. तुम्ही तेव्हाच लिहिले होते. आजची तारीख दिसली तर दोधू म्हणतील, बाईने आत्ता लिहून घेतले.”

गजाला म्हणाली, “अब्बा, बरोबर आहे हे. त्यांच्यासाठी तरी.”

चाचा उठले. कोपऱ्यातली, विक्रीसाठी तयार असलेली एक गादी त्यांनी उलटी केली आणि काठावरचे टाके मला दाखवले. काळ्या दोऱ्याचे होते. नव्या कापसाच्या गादीला ते पांढरे टाके घालतात, जुना कापूस पिंजून भरलेल्या गादीला काळे. अभ्रा कितीही नवा असला तरी घेणाऱ्याला दोऱ्यावरून कळते.

“बाईवर काय आळ शे?” त्यांनी विचारले. “चोरी करीसन खोटं बोलानाच ना? मंग तिन्हासाठे मी मांघली तारीख टाकू?”

“पण तिला उपयोग—”

“मालूम शे.” ते खाली बसले. “माले बी मालूम शे, बेटा.”

पानावर त्या दिवसाचीच तारीख पडली. सुरुवातीला चाचांनी चार ओळी अधिक लिहिल्या: हे पान पूर्वी होते, ते माझ्या दुर्लक्षाने गेले, मी दुसऱ्याचा नंबर स्वतःचा समजून बसलो होतो, त्याचा दंड ज्या बाईला भरावा लागला तिची मी माफी मागतो. तरुणचे नाव लिहिले नाही. मी ते सुचवले होते. “तेनी तं मन्ही सोयच देखी व्हती,” एवढेच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही प्रकाशाला गेलो. जसोदाबाई ओसरीवर तूर निवडत होत्या. त्यांनी पाणी दिले, आणि पाणी देताना चाचांकडे पाहिले नाही. त्यांच्या फोनवरची जुनी खूण अजून त्या जुगाराच्या पानावरच जात होती. मी ती काढून नवी ठेवली. त्यांनी चष्मा लावून पान सावकाश वाचले. वाचून झाल्यावर त्या सुरुवातीला परत आल्या आणि तारखेवर बोट ठेवले.

“हाई आजनं शे.”

“कालनं,” चाचा म्हणाले. “जुनं गयं. मन्ही चूक.”

“मंग तुम्ही काढं नव्हतं?”

“नही, बाई.”

“कोणी सांगं नव्हतं?”

“नही.”

त्यांनी मान हलवली. ती होकाराची होती की फक्त ऐकल्याची, हे मला समजले नाही.

चाचा तिथून भंडाऱ्याच्या मंडळींकडे गेले, मीही सोबत होतो. ते तासभर बोलले. गादी कशी उसवली, चिंधी कुठे होती, दिवाल्यांनी अंगठा कसा फिरवला, सगळे. अभ्रा त्यांनी पिशवीतून काढून चटईवर पसरला. माणसांनी नीट ऐकून घेतले. दोधू मधेच म्हणाले, “पिंजारी भाऊ, तुम्ही सज्जन शेतस, तुमले कोण खोटं म्हणी? पण तुमले जे सांगं ते तिन्हीच सांगं ना.” त्यावर चाचांनी तोडा मिळाल्याची आणि प्रतिसाद आल्याची क्रमवारी पुन्हा सांगितली, आधी काय, नंतर काय. पुरावा म्हणून दाखवायला त्यांच्याकडे जुनी तारीख नव्हती. मला त्या वेळी ती चौकट आठवली. चाचांनाही आठवली असावी. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि अभ्र्याची घडी घातली.

भंडाऱ्यासाठी जसोदाबाईंना बोलावणे आले. मंडपात बसून तांदूळ निवडायला. चुलीजवळ नव्हे, पुढच्या वर्षी पाहू, असे सांगितले गेले. त्या गेल्या. दिवसभर तांदूळ निवडले, आणि भाजीत मीठ जास्त झाले तेव्हा, असे चाचांना कोणी सांगितले, त्यांनी मान वर करून चुलीकडे पाहिले सुद्धा नाही.

नव्या ब्लॉगवर आता वीसेक पाने आहेत. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी नमाज झाल्यावर चाचा ते बटण दाबून प्रत उतरवतात. एक गजालाकडे राहते, एक माझ्याकडे येते. मुदत तीन वर्षांची आहे आणि ती कधी संपते ते त्यांनी दुकानाच्या दारावर खडूने लिहून ठेवले आहे.

कोणते पान किती वेळा उघडले गेले, हे त्यांना फोनवर दिसते. तोड्याचे पान रोज सकाळी सातच्या सुमारास एकदा उघडले जाते. गाव दिसत नाही, नाव दिसत नाही, फक्त आकडा दिसतो: एक. जसोदाबाई चहाच्या आधी पान जागेवर आहे का ते पाहून घेतात. चाचा आठला दुकान उघडतात आणि पिंजण सुरू करण्याआधी तो आकडा पाहतात. याविषयी दोघे एकमेकांशी कधी बोललेले नाहीत.

गेल्या आषाढात एके दिवशी आकडा शून्य होता. दुसऱ्या दिवशीही. चाचांनी मला फोन केला. “तठे पुण्यामा पान उघडी ऱ्हायनं का?”

मी उघडून पाहिले. “आहे चाचा. नीट आहे.”

“मंग बाईले काय व्हयनं?”

त्यांना फोन करायचा धीर झाला नाही. ते दुकान बंद करून एस.टी.ने प्रकाशाला गेले. जसोदाबाई ओसरीवरच होत्या, धडधाकट. फोनचा रिचार्ज संपला होता आणि लेकीने तो अजून भरला नव्हता. चाचांना भर दुपारी दारात पाहून त्या उठून उभ्या राहिल्या. त्यांच्या हातातले सूप तसेच राहिले.

“काय व्हयनं, फकीरभाऊ?” त्यांनी विचारले. “पान गयं का परत?”